अकरावीच्या इंग्लिश असाइनमेंटसाठी कादंबरी कुठली घ्यावी? वाचलेल्या आणि मुलांना दिलेल्या पुस्तकांचा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. अकरावी-बारावीच्या मुलाला इंग्लिशच्या असाइनमेंटसाठी एकच कादंबरी घ्यायची असेल आणि त्याने याआधी अख्खी इंग्लिश कादंबरी कधी वाचली नसेल, तर अनिता देसाईंची 'द व्हिलेज बाय द सी' घ्या. पाचपैकी पाच. बाकीच्या कोणाला आणि का द्याव्यात ते खाली लिहितेय, कारण या एका प्रश्नावर आमच्या घरात, शेजारी आणि फॅमिली ग्रुपवर इतकं बोलणं झालंय की ते सगळं एका जागी असलेलं बरं, पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी लागेलच.

माझी भाची फोंड्याला हायर सेकंडरीत आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून सगळं इंग्लिशमधून, गोव्यातल्या आपल्या बऱ्याच मुलांचं असतं तसंच. ही मुलं फिजिक्स बायोलॉजी इंग्लिशमधून वाचतात, पेपर लिहितात, मार्कही चांगले घेतात, पण दोनशे पानांची गोष्ट इंग्लिशमधून सलग वाचायची वेळच त्यांच्यावर आलेली नसते. पाठ्यपुस्तकातला धडा चार-पाच पानांचा, शेजारी अवघड शब्दांचे अर्थ, शेवटी प्रश्न, आणि त्या प्रश्नांची उत्तरं गाइडमध्ये तयार. कादंबरीत यातलं काहीच नसतं. आणि टीचर सांगतात तुमच्या आवडत्या इंग्लिश कादंबरीवर आठ-दहा पानं लिहा, नंतर तोंडी प्रश्न विचारणार. आता ज्याने एकही वाचलेली नाही त्याची आवडती कुठून असणार?

मग मुलं नेटवर शोधतात, शंभर सर्वोत्तम कादंबऱ्यांच्या यादीत जी वर असेल ती घेतात, तिसाव्या पानावर अडकतात आणि शेवटी कुठलातरी सारांश उतरवून देतात, हल्ली तर तेही मोबाइलकडूनच लिहून घेतात. टीचरना ते दिसतंच. तोंडीच्या वेळी "यातलं तुला कोण आवडलं आणि का" एवढं विचारलं की मूल गप्प, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या मुलाला वाचता येत नाही असं नसतं, त्याच्या हातात चुकीचं पुस्तक पडलेलं असतं.

म्हणून मी पुस्तक निवडताना लेखक किती मोठा आणि बक्षिसं किती हे नंतर बघते. आधी हे बघते की या पुस्तकाबद्दल या मुलाकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही असेल का. ज्याने होडी, मासळी, पाऊस, बाजार, कडक वडील, शाळेतल्या मारामाऱ्या पाहिल्यात त्याला त्याच गोष्टींवरचं पुस्तक दिलं की नवे शब्द फारसे अडत नाहीत, चित्र आधीच डोळ्यासमोर असतं, शब्द नंतर येऊन त्याला चिकटतो. आणि लिहिताना असं काहीतरी लिहिता येतं जे कुठल्याच वेबसाइटवर नसतं.

आता 'द व्हिलेज बाय द सी'. १९८२ ला आली, १९८३ ला हिला ब्रिटनच्या 'गार्डियन' वृत्तपत्राचं मुलांच्या पुस्तकासाठीचं बक्षीस मिळालं. गोष्ट घडते थळला, अलिबागजवळचं थळ, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर पण वर उत्तरेला. तेरा वर्षांची लीला, बारा वर्षांचा हरी, दोघी धाकट्या बहिणी बेला आणि कमल. आई आजारी, अंथरुणातून उठू न शकणारी, वडील दारूच्या आहारी, होडी विकून झालेली. किनाऱ्यावर खताचा मोठा कारखाना येणार म्हणून गावोगावचे कोळी आणि शेतकरी होड्यांनी मुंबईला मोर्चा घेऊन जातात, त्यांच्याबरोबर हरी जातो आणि मोर्चा संपल्यावर परत न येता तिथेच राहतो. 'श्री कृष्ण ईटिंग हाउस' नावाच्या साध्या खाणावळीत काम करतो, शेजारच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे पानवाला नावाचे गृहस्थ त्याला हळूहळू ते काम शिकवतात. इकडे लीला घर सांभाळते, आणि सुट्टीत मुंबईहून येणारं बंगल्यातलं कुटुंब आईला अलिबागच्या हॉस्पिटलात पोचवतं.

पुस्तकाची सुरुवातच बघा. लीला पहाटे समुद्रावर जाते आणि पाण्यातल्या खडकाची पूजा करते, फुलं वाहते. बाहेरच्या वाचकाला याच्यासाठी तळटीप लागेल, खडकाची पूजा का करतात म्हणून. माझ्या भाचीला काही सांगावंच लागलं नाही, आपल्याकडे सातेरी देवीचं वारूळ पुजतात, तिने ते लहानपणापासून पाहिलंय. पहिल्याच पानावर तिला कळलं की या पुस्तकातलं तिला इतरांपेक्षा जास्त समजणार आहे, आणि नवीन वाचणाऱ्या मुलाला एवढा विश्वास आला की अर्धं काम झालं.

आणि तो कारखाना. फोंडा तालुक्यातल्या घरात कारखाना नको म्हणून लोक उठले हे समजावून सांगायची गरज नाही. केरीच्या पठारावर नायलॉन ६,६ चा प्रकल्प येणार होता, १९९५ मध्ये आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला, आणि शेवटी तो प्रकल्प इथून गेलाच. भाचीच्या आजोबांना ते सगळं आठवतंय. तिने त्यांना बसवून विचारलं, वहीत टिपून घेतलं आणि असाइनमेंटमध्ये एक पूर्ण पान त्यावर लिहिलं, की केरीला लोकांनी प्रकल्प घालवला पण कादंबरीतल्या हरीला शेवटी वाटतं की कारखाना येणारच आहे तर आपण काय शिकून ठेवावं, म्हणून तो कोंबड्या पाळायचं ठरवतो, घड्याळाचं काम हातात ठेवतो. प्रत्यक्षातही थळला आरसीएफ या सरकारी कंपनीचा खतकारखाना उभा राहिलाच. मग हरी शहाणा की हार मानलेला? हा प्रश्न तिने स्वतः काढला, मी नाही, आणि टीचरनी तोंडीच्या वेळी बराच वेळ त्यावरच बोलणं केलं.

खोट काढायची तर शेवट जरा पटापट जुळून येतो. आई बरी होते, वडील दारू सोडतात, हरी दिवाळीला घरी येतो, सगळं एकदमच. ज्या घरात दारूडा माणूस आहे त्या घराला माहीत असतं की हे इतकं सोपं नसतं. पण मी मुलांना सांगते की हेच लिहा, पुस्तक आवडलं तरी न पटलेली गोष्ट लिहायला काहीच हरकत नाही, उलट टीचरना त्यातूनच कळतं की मुलाने वाचलंय. दुसरं म्हणजे वर्णनं लांब आहेत, समुद्राचा रंग, माडाची झाडं, पक्षी, एक-एक वाक्य चार ओळी. पहिली तीस-चाळीस पानं हळू जातात. तिथे घरातल्या कोणीतरी मोठ्या माणसाने शेजारी बसून वाचून दाखवावं, हरी मुंबईला निघाला की पुढचं मूल स्वतःच ओढून नेतं.

दुसरा नंबर हेमिंग्वेंच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'ला, पाचपैकी साडेचार. १९५२ चं पुस्तक, १९५३ ला पुलित्झर, १९५४ ला लेखकाला नोबेल. शंभर-सव्वाशे पानांत संपतं. क्यूबातला सांतियागो नावाचा म्हातारा कोळी, ८४ दिवस एकही मासा लागलेला नाही, त्याच्याबरोबर जाणाऱ्या मानोलिन नावाच्या पोराला आईवडिलांनी दुसऱ्या होडीवर पाठवलंय, आणि ८५ व्या दिवशी म्हातारा एकटाच खूप आत जातो आणि त्याच्या होडीपेक्षा लांब मार्लिन मासा गरीला लागतो. नंतरचं सगळं पुस्तक म्हणजे तो, मासा आणि नंतर शार्क. वाक्यं छोटी, शब्द साधे. इंग्लिश वाचायला घाबरणाऱ्या मुलाच्या हातात हे ठेवा, पहिल्या दहा पानांतच त्याचा घसा मोकळा होतो.

माझ्या मैत्रिणीचा मुलगा, घर बेतुलकडचं, वडिलांचा मासळीचाच धंदा, त्याला मी हे पुस्तक दिलं. त्याला मार्लिन म्हणजे काय, दोरी हातातून ओढली गेली की तळव्याचं काय होतं, हाताला गोळा आला की तो कसा सोडवतात हे सगळं घरात पाहून माहीत होतं. त्याने असाइनमेंटमध्ये लिहिलं की म्हातारा माशाशी बोलतो ते लेखकाने काव्य म्हणून घातलेलं नाही, एकटा माणूस रात्री पाण्यावर असला की बोलतोच, माझे काका बोलतात. मला ते वाक्य वाचून भरून आलं. हे कुठल्या गाइडमध्ये मिळणार? त्याने पुढे ट्रॉलर आणि रापणकार यांच्याबद्दलही लिहिलं, की मोठ्या इंजिनाच्या बोटी आल्यावर किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्यांना काय उरतं, आणि सांतियागोची लहान होडी त्याला रापणकारांच्या बाजूची वाटली. पुस्तकात हा मुद्दा असा सरळ नाही, पण म्हातारा तरुण कोळ्यांच्या मोटरबोटींबद्दल बोलतो ते त्याने बरोबर पकडलं.

अडचण दोन ठिकाणी. एक, पुस्तकात चॅप्टरच नाहीत, सलग आहे, त्यामुळे मुलांना कुठे थांबायचं कळत नाही. समुद्रावरच्या दिवस-रात्रीप्रमाणे पेन्सिलने खुणा करून घ्या. दोन, बेसबॉल. सांतियागो सारखा डिमॅजिओचं नाव काढतो, आपल्या मुलांना तो कोण ते माहीत नसतं. तो न्यूयॉर्क यांकीजचा खेळाडू आणि त्याच्या टाचेला दुखापत होती एवढं सांगितलं तरी पुरतं, मग म्हातारा स्वतःच्या दुखण्याची तुलना त्याच्याशी का करतो ते लक्षात येतं. पु. लं.नी याचं मराठी केलंय, 'एका कोळियाने', घरात असेल तर जरूर वाचावं, पण माझं म्हणणं मुलाने आधी इंग्लिश पूर्ण करावं, नाहीतर दहा पानांत तो मराठीकडे वळतो आणि मग इंग्लिश उघडतच नाही.

ज्या मुलाला हसायला आवडतं त्याला आर. के. नारायण यांची 'स्वामी अँड फ्रेंड्स'. १९३५ ची, ग्रॅहम ग्रीन यांनी पुढाकार घेतल्यामुळे लंडनला छापली गेली, आणि मालगुडी हे गाव इथूनच सुरू झालं. स्वामिनाथन, मणी, राजम, अल्बर्ट मिशन स्कूल, क्रिकेट क्लब, हेडमास्तरांची छडी. यातला एक प्रसंग मी प्रत्येक मुलाला आधीच वाचून दाखवते. वडील स्वामीला आंब्याचं गणित घालतात, अमुक आंबे एवढ्याला तर तमुक आंब्यांना किती, आणि स्वामी किती वेळ विचार करून विचारतो की आंबे पिकलेले होते का. गोव्यातल्या मुलाला हा प्रश्न अगदी योग्य वाटतो, मानकुराद पिकलेला आहे की नाही यावरच तर भाव ठरतो! त्यात वडिलांचा राग, मुलाची भीती आणि मुलाचं स्वतःचं लॉजिक, तिन्ही एकाच पानात आहेत, कॅरेक्टरवर लिहायला सांगितलं तर हे एक पान पुरे.

पण इथे एक सावधगिरी. मुलं यावर फक्त "फनी आहे" एवढंच लिहितात. यात १९३० चा स्वातंत्र्यलढ्याचा भाग आहे, स्वामी मोर्चात सामील होतो आणि शाळेच्या काचा फोडतो. धर्माच्या तासाला मास्तर हिंदू देवांबद्दल वाईट बोलतात आणि वडील हेडमास्तरांना पत्र लिहितात तो भाग आहे. शेवटी राजमची बदली झालेल्या वडिलांबरोबरची ट्रेन सुटते, तिथे हसू कुठच्या कुठे जातं. हे तीन भाग धरून लिहिलं तर असाइनमेंट भरदार होते. इंग्लिश फार स्वच्छ, कुठे शब्दकोश काढावा लागत नाही. पाचपैकी साडेचार, आणि नववी-दहावीच्या मुलांसाठी पाचपैकी पाच.

जॉर्ज ऑरवेल यांची 'अ‍ॅनिमल फार्म' बहुतेक यादीत पहिली असते, आणि मी तिला चार देते. पुस्तक उत्तमच आहे, १९४५ चं, दहा छोटे चॅप्टर, प्राण्यांची गोष्ट असल्यामुळे वाचायला सोपं. लेखकाचा जन्म बिहारमधल्या मोतीहारीचा, १९०३ चा, हेही मुलांना आवडतं. अर्धा मार्क आणखी का देत नाही ते सांगते. गोष्ट सोपी आहे पण लिहायचं म्हटलं की रशियन क्रांती, स्टॅलिन, ट्रॉट्स्की हे माहीत पाहिजे, आणि मुलं तो भाग नेटवरून जसाच्या तसा उचलतात, नेपोलियन म्हणजे स्टॅलिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, सगळ्यांचं सारखं. एका वर्गात असे ढीगभर पेपर आले की टीचर तरी काय वेगळं बघणार. ज्याला नववीच्या इतिहासातला रशियाचा धडा खरंच आवडला होता त्याने जरूर घ्यावी. आणि घेतलीच तर बॉक्सर घोड्यावर लिहावं. तो सगळ्यात जास्त राबतो, काही झालं की मी अजून जास्त काम करेन म्हणतो, आणि शेवटी त्याची गाडी कुठे जाते ते वाचताना माझी भाची रडली होती. असा माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो, मुलांनाही माहीत असतो. भिंतीवरचे नियम रात्रीतून कसे बदलतात तेही स्वतः मागे जाऊन ताडून बघायला सांगा, पान उलटून जुना नियम आणि नवा नियम शेजारी शेजारी लिहून काढले की मूल वाचायला शिकतं.

अजिबात न वाचणाऱ्या मुलासाठी अगाथा ख्रिस्ती, 'अँड देन देअर वेअर नन', १९३९. दहा अनोळखी माणसं एका बेटावर बोलावली जातात, बोलावणारा हजरच नाही, आणि एकेक जण मरत जातो. रात्री हातात घेतलं की सकाळपर्यंत खाली ठेवत नाहीत, मोबाइल बाजूला राहतो हेच मोठं. पहिल्या चॅप्टरातच आठ जणांची नावं एकदम येतात तिथे गोंधळ होतो, म्हणून एका कागदावर नाव आणि धंदा लिहून बुकमार्कसारखा आत ठेवायचा. काही टीचरना डिटेक्टिव्ह गोष्ट चालत नाही, आधी विचारून घ्या. चालत असेल तर कायद्याने ज्याला शिक्षा होऊ शकत नाही अशा गुन्ह्याचं काय करायचं, हा यातला खरा मुद्दा आहे, त्यावर बारावीचं मूल छान लिहू शकतं.

'टू किल अ मॉकिंगबर्ड' माझी स्वतःची लाडकी आहे, तरी पहिली कादंबरी म्हणून मी ती कोणाला देत नाही. हार्पर ली, १९६०, पुढच्या वर्षी पुलित्झर. अलाबामातलं छोटं गाव, वकील अ‍ॅटिकस फिंच, त्याची मुलगी स्काउट गोष्ट सांगते, खोटा आरोप झालेल्या टॉम रॉबिन्सनचा खटला. पण खटल्यापर्यंत पोचायला अर्धं पुस्तक जातं, बोली भाषेतले संवाद आहेत, तीनशेच्या आसपास पानं. ज्या मुलीने आधी दोन-तीन इंग्लिश पुस्तकं वाचलीत तिच्यासाठी मात्र याच्यासारखं दुसरं नाही, वडील कसे असावेत हे मला या पुस्तकाने दाखवलं आणि मी ते आजही मानते. 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' पण पालक सुचवतात, १९९७ चं बुकर मिळालेलं म्हणून. भाषा अप्रतिम, पण काळ सारखा पुढेमागे होतो आणि विषय मोठ्यांचा आहे, ती कॉलेजला गेल्यावर.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी कारण दरवर्षी मुलं फसतात. टीचरनी कादंबरी म्हटलं असेल तर 'विंग्ज ऑफ फायर' चालणार नाही, ते कलामसाहेबांचं आत्मचरित्र आहे. अ‍ॅन फ्रँकची डायरीही कादंबरी नाही. दोन्ही पुस्तकं घरात असावीतच, पण असाइनमेंटला नाही. तसंच कव्हरवर बारीक अक्षरात 'अब्रिज्ड' लिहिलंय का ते बघा. डिकन्सची जाडजूड कादंबरी दीडशे पानांत मिळाली की समजा अर्ध्याहून जास्त कापलीय, मग टीचर एखाद्या प्रसंगाबद्दल विचारतात आणि तो मुलाच्या पुस्तकात नसतोच. रस्त्यावर किंवा ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या चोरट्या छपाईच्या प्रतीही नकोत, अक्षर पुसट, मधली पानं गायब, मूल आधीच घाबरलेलं असतं त्यात ही भर.

आता गोव्यावरच्या कादंबऱ्या. मला खरं तर वाटतं की आपल्या प्रत्येक मुलाने दुसरी असाइनमेंट यातल्या एकीवर करावी. पुंडलीक नायक यांची कोंकणी कादंबरी 'अच्छेव', १९७७ ची, तिचं विद्या पै यांनी इंग्लिश केलंय 'द अपहीवल' नावाने, २००२ ला आलं. खाण येते आणि गाव शेती सोडून तिच्या मागे जातं, मग गावाचं, घरांचं, माणसांचं काय होतं त्याची गोष्ट. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या मुलांनी लाल धुळीचे ट्रक बघितलेत, २०१२ ला खाणी बंद झाल्यावर घरात काय झालं तेही बघितलंय. असा मुलगा यावर लिहायला बसला तर त्याला थांबवावं लागेल. काही प्रसंग कठोर आहेत, म्हणून बारावीला द्या, आणि आधी पालकांनी एकदा वाचून घ्या.

लॅम्बर्ट मास्कारेन्हस यांची 'सॉरोइंग लाइज माय लँड' ही १९५५ ची, म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या सहा वर्षं आधीची, पोर्तुगीज राजवटीतल्या एका गोंयकार कुटुंबाची. मूळ इंग्लिशमधूनच लिहिलेली आहे, भाषांतर नाही, हा असाइनमेंटसाठी मोठा फायदा, कारण काही टीचर भाषांतर घेत नाहीत. आपल्या घरात आजी-आजोबा त्या काळाबद्दल जे सांगतात त्याची दुसरी बाजू, ख्रिश्चन घरातली बाजू, यात मिळते. आमच्या हिंदू मराठी घरातल्या मुलीला शेजारच्या घरातही तीच घुसमट होती हे कळलं, यासाठी मी हे पुस्तक कितीही वेळा सुचवेन. दामोदर मावजो यांची 'कार्मेलीन' पण इंग्लिशमध्ये आहे, साहित्य अकादमी मिळालेली, पुढे त्यांना ज्ञानपीठही मिळालं. कामासाठी कुवेतला गेलेल्या बाईची ती गोष्ट. फार जवळची वाटणारी आहे, गोव्यात गल्फला गेलेलं कोणी नाही असं गाव सापडणार नाही, पण त्यातलं शोषण नीट समजायला वय थोडं मोठं लागतं.

पुस्तकं कुठे मिळतील ते सांगते. पणजीत पाट्टोला संस्कृती भवनातलं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय माझी पहिली पसंती. १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. आत शांत, बसायला भरपूर जागा, गोव्यावरच्या पुस्तकांचा विभाग वेगळा, आणि 'सॉरोइंग लाइज माय लँड'सारखं दुकानात चटकन न मिळणारं पुस्तक शोधायचं तर तिथेच जावं. काउंटरवरच्या बाईंना विषय सांगितला तर त्या भाचीला शेल्फपर्यंत घेऊन गेल्या, मला हे फार आवडलं, त्यांनी आईला किंवा मला नाही, थेट मुलीलाच विचारलं तुला काय पाहिजे म्हणून. कदंबा बसने पणजी स्टँडवर उतरलं की चालत जाता येतं, त्यामुळे मुलं एकटीही जाऊ शकतात. असाइनमेंटच्या दिवसांत मात्र एकाच पुस्तकामागे सगळा वर्ग लागतो, म्हणून विषय मिळाला त्याच आठवड्यात जा.

दक्षिणेकडच्या लोकांना नावेलीचं डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स जिल्हा ग्रंथालय जवळ पडेल. ज्यांचं नाव त्याला आहे त्यांनी १८६६ ला 'उश ब्रामनेश' ही कादंबरी पोर्तुगीजमध्ये लिहिली, गोंयकाराने लिहिलेली पहिली कादंबरी ती, हे तिथे जाणाऱ्या मुलांना सांगायला पाहिजे.

विकत घ्यायचं तर पणजीच्या चर्चजवळचं सिंगबाळ बुक हाउस जुनं आणि भरवशाचं, गोव्यावरची पुस्तकं आणि पर्यावरणावरची पुस्तकं हवी असतील तर म्हापशाचं अदर इंडिया बुकस्टोर. नारायण, ऑरवेल, हेमिंग्वे यांची साधी पेपरबॅक कुठेही मिळते आणि तीन-चारशेच्या आत बसते. ऑनलाइन मागवलंत तर पानांची संख्या आणि प्रकाशक बघूनच ऑर्डर करा, कारण एकाच नावाची कापलेली आवृत्तीही बाजारात असते. ऑरवेल १९५० ला गेले, आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणून 'अ‍ॅनिमल फार्म' फोनवर फुकट वाचलीत तरी ती चोरी नाही, पण पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलाला मी कागदाचंच पुस्तक देईन, पेन्सिलने खुणा करता येतात आणि व्हायवाच्या आदल्या रात्री त्या खुणाच उपयोगी पडतात.

भाचीला असाइनमेंटला चांगले मार्क मिळाले, पण त्याहून मला जे महत्त्वाचं वाटतं ते हे की चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीत तिने स्वतःहून 'द अपहीवल' मागितलं. ते ग्रंथालयात बाहेर गेलेलं होतं, आता आमचं नाव लावून ठेवलंय. कोणाकडे घरात प्रत असेल आणि महिनाभर द्यायला जमत असेल तर कळवा, फोंडा किंवा पणजी कुठेही येऊन घेऊन जाईन.